इंजिन खोलण्यापूर्वी दाब मोजावा

विहिरीवरचे इंजिन सकाळी लवकर सुरू होईनासे झाले, बाजारात माल नेणारी गाडी चढावर दम टाकू लागली, किंवा ट्रॅक्टरच्या धुराड्यातून पांढरा धूर निघू लागला, म्हणजे बहुतेक ठिकाणी एकच क्रम घडतो. प्रथम नोझल बदलली जाते, नंतर फिल्टर, नंतर पंपाची दुरुस्ती होते, आणि तरीही गुण येत नाही असे दिसल्यावर "इंजिन उतरले आहे, बोअर करावे लागेल" असा निकाल दिला जातो. इंजिन खोलले जाते. सुटे भाग तालुक्याच्या गावाहून यावयाचे असतात, ते चार दिवसांनी येतात. गव्हाला पेरणीनंतर १८ ते २१ दिवसांनी, मुकुटमुळे फुटण्याच्या वेळी, जे पाणी मिळावयास हवे ते नेमके या चार दिवसांत चुकते. आणि एवढे करून कित्येकदा असे आढळते, की रिंगा व लायनर सुस्थितीत असून दोष एका झडपेचाच होता. ती झडप हेड उतरवून घासून बसविली असती तर काम एका दिवसात, थोड्या पैशांत झाले असते.

या सर्व खटाटोपात एक गोष्ट करावयाची राहून गेलेली असते, ती म्हणजे सिलिंडरमधील दाबाची तपासणी. ताप आलेल्या माणसाला औषध देण्यापूर्वी वैद्य जशी नाडी पाहतो, तशीच ही इंजिनाची नाडीपरीक्षा होय. तिला अर्ध्या तासापेक्षा अधिक वेळ लागत नाही, इंजिन खोलावे लागत नाही, आणि दोष आहे की नाही एवढेच नव्हे, तर तो कोणत्या भागात आहे हेही तीवरून पुष्कळ अंशी कळते.

दाब कशासाठी लागतो

सायकलीच्या चाकात हवा भरताना पंपाची नळी हाताला गरम लागते, हा अनुभव सर्वांचा आहे. हवा दाबली की ती तापते. इंजिनात हेच घडते. मात्र तेथे ते फार जोराने व फार थोड्या वेळात घडते. सिलिंडरमध्ये दट्ट्या, ज्याला कारागीर पिस्टन म्हणतात, खाली जाताना हवा आत ओढतो. वर येताना ती दाबतो. इंधन पेटल्यावर खाली ढकलला जातो. आणि पुन्हा वर येताना धूर बाहेर लोटतो. चार फेऱ्यांचे हे चक्र जर्मनीतील निकोलाउस ऑटो याने १८७६ साली प्रत्यक्ष चालणाऱ्या इंजिनात उतरविले. आज रस्त्यावर धावणाऱ्या जवळजवळ सर्व पेट्रोल मोटारी याच चक्रावर चालतात.

पेट्रोलच्या इंजिनात हवा व पेट्रोल यांचे मिश्रण मूळ आकाराच्या सुमारे आठव्या ते अकराव्या हिश्श्याइतके दाबले जाते व मग ठिणगीने पेटविले जाते. डिझेलच्या इंजिनात ठिणगी नसते. तेथे नुसती हवाच मूळ आकाराच्या सुमारे पंधराव्या ते बाविसाव्या हिश्श्यापर्यंत दाबतात. त्यामुळे ती ५०० ते ७०० अंश सेल्सिअसपर्यंत तापते, आणि तीत फवारलेले डिझेल आपोआप पेट घेते. रुडॉल्फ डिझेल याने आउग्सबुर्ग येथे १८९७ साली यशस्वी करून दाखविलेल्या इंजिनाचे मर्म एवढेच आहे. शेतकऱ्याला गंमत वाटावी अशी एक गोष्ट येथे सांगण्यासारखी आहे. १९०० सालच्या पॅरिस येथील प्रदर्शनात या जातीचे एक इंजिन भुईमुगाच्या तेलावर चालवून दाखविण्यात आले होते. हवा पुरेशी तापली की इंधन कोणते, हा प्रश्न मागाहूनचा ठरतो.

म्हणजे डिझेल इंजिनाच्या बाबतीत दाब हीच आगपेटी होय. दाब कमी झाला की हवा तापत नाही, आणि हवा तापली नाही की नोझल कितीही नवी असो, डिझेल पेटत नाही. ते न जळताच पांढऱ्या धुराच्या रूपाने बाहेर पडते. यावरून एक नेहमीचे कोडेही उलगडते. दाब कमी झालेले इंजिन एकदा सुरू झाले की दिवसभर बरे चालते, मात्र सकाळी सुरू होताना छळते, असे का? मिनिटाला ६०० फेरे घेणाऱ्या इंजिनात हवा दाबण्याची क्रिया एका सेकंदाच्या विसाव्या भागात आटोपते. तेवढ्यात थोडीच हवा निसटू शकते. हँडल मारताना चाक याच्या पाचव्या किंवा दहाव्या हिश्श्याइतक्या वेगानेच फिरते. निसटणाऱ्या हवेला पाच ते दहापट अधिक वेळ मिळतो, आणि त्यात सिलिंडर गार असतो. म्हणूनच पौषातल्या थंडीत निफाडकडच्या मळ्यांतून इंजिने अडून बसतात, आणि तीच इंजिने वैशाखात पहिल्या हँडलला सुरू होतात. थंडीतील हा त्रास म्हणजे झीज सुरू झाल्याची पहिली सूचना असते. उन्हाळा आला की ती सूचना विसरली जाते, हे मात्र बरे नव्हे.

दाबलेली हवा निसटण्याच्या चोरवाटा मोजक्याच आहेत. पहिली, दट्ट्याच्या रिंगा व सिलिंडरची भिंत यांमधून खाली तेलाच्या टाकीत. दुसरी, आत घेणाऱ्या झडपेतून एअर क्लीनरकडे. तिसरी, धुराच्या झडपेतून सायलेन्सरकडे. चौथी, हेडच्या पॅकिंगमधून, म्हणजे पाण्यात, शेजारच्या सिलिंडरमध्ये किंवा सरळ बाहेर. नोझल अथवा प्लग यांच्या खालची चकती नीट बसली नसेल तर तेथूनही हवा जाते, आणि ही वाट फार क्षुल्लक म्हणून नेहमी शेवटी पाहिली जाते. ती आधी पाहावी. तेथे ऑईल अथवा साबणाचे पाणी लावून इंजिन हाताने फिरविले असता बुडबुडे येतात.

मापकाशिवाय करावयाची परीक्षा

विजेचे पंप दूरवर पोहोचले आहेत आणि सौर पंपही पुष्कळ विहिरींवर दिसू लागले आहेत. तरीही नदीकाठी, नाल्याकाठी आणि जेथे वीज वेळेवर नसते अशा शिवारांत एका सिलिंडरचे डिझेल इंजिन अजून काम देत आहे. पुण्यास किर्लोस्कर ऑईल इंजिन्स हा कारखाना १९४६ साली निघाला, तेव्हापासून या इंजिनांची महाराष्ट्रातील शेतकऱ्याशी चांगलीच ओळख आहे. मिनिटाला ६०० ते ६५० फेरे घेणारी, मोठ्या चाकांची, मूळ इंग्लंडमधील लिस्टर घडणीची संथ इंजिने एका बाजूला आणि मिनिटाला १५०० फेरे घेणारी लहान चाकांची इंजिने दुसऱ्या बाजूला, असे त्यांचे दोन ठळक वर्ग आहेत. दोहोंचीही परीक्षा हाताने करता येते.

इंजिन सुरू होत असेल तर अर्धा तास चालवून गरम करावे व मग बंद करावे. पट्टा काढावा. डिझेलचा पुरवठा पूर्ण बंद करावा, हँडल काढून ठेवावे, आणि धोतराचा सोगा, उपरणे किंवा पदर चाकाजवळ लोंबत नाही याची खात्री करून घ्यावी. दाब सोडण्याची कळ, जिला डिकम्प्रेशन लिव्हर म्हणतात, ती खाली म्हणजे दाब धरण्याच्या स्थितीत ठेवावी. मग चाकाची कड दोन्ही हातांनी धरून चाक इंजिन ज्या दिशेने चालते त्याच दिशेने सावकाश फिरवावे. दोन फेऱ्यांतून एकदा चाक जड लागेल. निरोगी इंजिनात या ठिकाणी चाक पुढे जाण्यास स्पष्ट नकार देते, आणि हात सैल केला की उसळी घेऊन मागे येते. चाक नुसते जड लागून हळूहळू पुढे सरकत गेले, उसळी अजिबात आली नाही, तर हवा कोठून तरी निसटत आहे असे समजावे.

ती कोठून निसटते हे कानाने कळते. एकाने चाक त्या जड जागी दाबून धरावे, दुसऱ्याने हातभर लांबीची रबरी नळी घेऊन तिचे एक टोक कानाशी धरावे व दुसरे टोक क्रमाने तीन ठिकाणी न्यावे. एअर क्लीनरच्या तोंडाशी फुसफुस ऐकू आल्यास आत घेणारी झडप गळते. सायलेन्सरच्या नळीत ऐकू आल्यास धुराची झडप गळते. तेल भरण्याच्या तोंडाशी ऐकू आल्यास रिंगांतून हवा खाली जाते. थंड होण्यासाठी वापरलेल्या पाण्यात या वेळी बुडबुडे येत असतील, तर हेडचे पॅकिंग फुटले आहे किंवा हेडला तडा गेला आहे. रिंगांजवळ थोडीशी फुसफुस नव्या इंजिनातही असते, कारण रिंगेच्या दोन टोकांत थोडी फट मुद्दामच ठेवलेली असते. झडपांची गळती मात्र थोडीही असू नये.

झडप गळते असे दिसले तरी लगेच हेड उतरवू नये. प्रथम झडपेची दांडी व तिला दाबणारा हात यांमधील फट फीलर पट्टीने मोजावी. ही फट किती असावी ते इंजिनाबरोबर मिळणाऱ्या पुस्तिकेत दिलेले असते. फट राहिली नसेल तर झडप पुरती मिटत नाही. गरम झाल्यावर तिची दांडी वाढते, झडप आणखी उघडी राहते, आणि जळत्या वायूचा झोत तिच्या कडेवरून सतत जाऊन ती कड जळते. दाब सोडण्याच्या कळीची जुळणी चुकल्यानेही झडप किंचित उचललेली राहते. एका पान्याने व एका पट्टीने दहा मिनिटांत दुरुस्त होणारा हा दोष 'बोअर गेले' म्हणून शेतकऱ्याच्या माथी मारला जातो, तेव्हा त्यात कारागिराचा लबाडपणा असतोच असे नाही. बहुधा त्याने मोजलेले नसते, एवढेच.

हँडल मारताना अंगठा इतर बोटांच्याच बाजूला ठेवावा, हँडलभोवती गुंडाळू नये. इंजिन उलटे फटकले तर गुंडाळलेला अंगठा व मनगट दोन्ही मोडतात.

चार सिलिंडरांची पेट्रोल गाडी

गाडीच्या इंजिनात चार सिलिंडर असल्याने हाताने फिरवून त्यांतील दुबळा कोणता हे कळत नाही. त्यासाठी दाबमापक लागतो. घड्याळासारखी तबकडी, तिला जोडलेली नळी, आणि नळीच्या टोकाला प्लगच्या जागी बसणारे आटे, असे त्याचे रूप असते. आत मोटारीच्या ट्यूबमध्ये असते तशीच एक बारीक झडप असते. त्यामुळे काटा चढला की तेथेच थांबून राहतो व आकडा निवांतपणे वाचता येतो. हे उपकरण प्रत्येक शेतकऱ्याने घ्यावे असे मुळीच नाही. गावातील अवजारे बँकेने किंवा शेतकरी गटाने एक पेट्रोलसाठी व एक डिझेलसाठी असे दोन मापक ठेवावेत. औद्योगिक प्रशिक्षण संस्थेत डिझेल मेकॅनिकचे शिक्षण घेतलेला एखादा तरुण गावात असतोच. त्याच्याकडे हे काम सोपवावे.

इंजिन नेहमीप्रमाणे गरम झाले असता तपासणी करावी. गाडी न्यूट्रलमध्ये व हातब्रेक ओढलेला असावा. ठिणगीची कॉइल व पेट्रोल पंप यांचे फ्यूज काढावेत, म्हणजे ठिणगीही पडणार नाही आणि पेट्रोलही फवारले जाणार नाही. जवळपास कोणी विडी ओढीत असल्यास त्याला दूर पाठवावे. प्लगच्या भोवतालची धूळ आधी फुंकून किंवा कुंचल्याने साफ करावी. प्लग काढल्यावर तेथून पडलेला एक खडाही सिलिंडरच्या भिंतीवर रेघ पाडण्यास पुरतो. प्लगच्या तारांना क्रमांकाच्या चिठ्ठ्या बांधाव्यात व चारही प्लग काढावेत. एकच प्लग काढून तपासल्यास इंजिन जड फिरते, बॅटरी उतरत जाते आणि शेवटच्या सिलिंडरवर उगाच अन्याय होतो.

मापक पहिल्या सिलिंडरवर हातानेच फिरवून बसवावा. एकाने गाडीत बसून एक्सलेटर तळापर्यंत दाबून धरावा. हे विसरले जाते, आणि हवेची वाट बंद राहिल्याने चारही सिलिंडर आजारी दिसतात. मग स्टार्टर मारावा. काटा झटक्याझटक्याने चढेल. पहिल्या झटक्यास तो कोठपर्यंत गेला ते पाहून ठेवावे, आणि सहा-सात झटक्यांनंतर तो जेथे थांबेल तो आकडा वहीत लिहावा. दाब सोडून दुसऱ्या सिलिंडरवर जावे. प्रत्येक सिलिंडरला झटके सारखेच द्यावेत.

आकडे काय सांगतात

चांगल्या स्थितीतील पेट्रोल इंजिनात हा आकडा दर चौरस इंचास १२० ते १८० पौंड, म्हणजे दर चौरस सेंटिमीटरला सुमारे ८.५ ते १२.५ किलोग्रॅम असतो. गाडीचा नेमका आकडा तिच्या पुस्तिकेतून पाहावा. परंतु आकडा किती, यापेक्षा चार आकडे एकमेकांशी कितपत जुळतात, याला अधिक महत्त्व आहे. सर्वांत वरच्या व सर्वांत खालच्या आकड्यांत १० ते १५ टक्क्यांहून अधिक अंतर नसावे. चारही सिलिंडर १३० पौंड दाखवीत असतील तर ती गाडी १७०, १७०, १७० व ११० दाखविणाऱ्या गाडीपेक्षा बरी समजावी.

गावाच्या उंचीचाही येथे हिशेब आहे. समुद्रसपाटीपासून वर जावे तशी हवा विरळ होते. रत्नागिरीस १५० पौंड दाखविणारे इंजिन सुमारे १,३५० मीटर उंचीवरील महाबळेश्वरास नेले तर तेच इंजिन १३० पौंडांच्या आसपास दाखवील. इंजिनात काहीच बिघडलेले नसते.

समजा, एका गाडीचे आकडे १५०, १४५, ९५ व १५० असे आले. तिसरा सिलिंडर दुबळा आहे हे उघड झाले, पण दोष रिंगांचा की झडपेचा? येथे जुन्या कारागिरांची एक सोपी युक्ती कामास येते. प्लगच्या भोकातून त्या सिलिंडरमध्ये चहाचा एक चमचा इंजिन ऑईल सोडावे, इंजिन दोन-चार फेरे फिरवून ते पसरू द्यावे व पुन्हा दाब मोजावा. तेल रिंगांभोवती जाऊन तेथील फट तात्पुरती बुजविते, झडपांपर्यंत मात्र त्याचा उपयोग पोहोचत नाही. तेल टाकल्यावर आकडा ९५ वरून १३५ पर्यंत चढला तर रिंगा किंवा सिलिंडर झिजले आहेत. तो ९५ वरून १०० पर्यंतच गेला तर दोष झडपेचा किंवा हेडच्या पॅकिंगचा. काट्याच्या चालीवरूनही हाच निवाडा मिळतो. रिंगा झिजल्या असतील तर काटा पहिल्या झटक्यास थोडा चढून पुढे प्रत्येक झटक्यास वाढत जातो. झडप गळत असेल तर तो पहिल्यापासूनच खाली राहतो व फारसा वाढत नाही. दोन्ही परीक्षांचे उत्तर एक आले म्हणजे शंका घेण्याचे कारण नाही.

दुसऱ्या गाडीचे आकडे १४०, ८०, ७५, १४० असे आले, तर शेजारशेजारचे दोन सिलिंडर एकदमच आजारी पडले आहेत. असा योगायोग क्वचित होतो. बहुधा त्या दोहोंमधील हेडचे पॅकिंग जळून एकाचा दाब दुसऱ्यात जात असतो. रेडिएटरमधील पाणी कारणाशिवाय कमी होणे, किंवा ऑईल दुधाळ दिसणे, ही याच दोषाची आणखी लक्षणे होत. चारही आकडे एकदम व सारखेच खाली आले असतील तर मात्र चारही सिलिंडर एका रात्रीत झिजले असे मानू नये. झडपांना चालविणारा पट्टा किंवा साखळी एक-दोन दात सरकली असण्याचा संभव प्रथम पाहावा.

आकडा ठरल्यापेक्षा बराच वर आला तर तेही शुभचिन्ह नव्हे. दट्ट्याच्या माथ्यावर काजळीचा थर बसून जागा कमी झाली असा त्याचा अर्थ. अशी गाडी चढावर ठोके देते.

सीएनजी अथवा एलपीजीवर चालविल्या जाणाऱ्या गाड्यांत झडपांकडे विशेष लक्ष असावे. झडपांच्या बैठका त्या इंधनासाठी मुद्दाम कठीण धातूच्या केलेल्या नसतील तर लवकर झिजतात, झडप वर सरकते व तिची फट नाहीशी होते.

डिझेल गाडी व ट्रॅक्टर

डिझेल इंजिनात दाब दर चौरस इंचास ३०० ते ४५० पौंड, म्हणजे दर चौरस सेंटिमीटरला सुमारे २१ ते ३२ किलोग्रॅम असतो. पेट्रोलचा मापक त्यावर लावल्यास तो फुटतो व तोंडावर उडण्याची भीती असते. यासाठी ६०० पौंड अथवा त्याहून अधिक दाब दाखविणारा वेगळा मापकच हवा. तो नोझल किंवा ग्लो प्लग काढून त्या जागी बसवितात, आणि डिझेलचा पुरवठा बंद ठेवतात.

तेल टाकून पाहण्याची युक्ती येथे करू नये. डिझेल इंजिनात दट्ट्या वर गेला असता उरणारी जागा इतकी थोडी असते, की चमचाभर तेलही तीत मावेनासे होते. हवा दबते, तेल दबत नाही. अशा वेळी कनेक्टिंग रॉड वाकतो. शिवाय तापलेल्या हवेत ते तेल स्वतःच पेट घेते. थंडीत अडलेले इंजिन सुरू करण्यासाठी हवेच्या वाटेने तेल सोडण्याचा प्रघात काही ठिकाणी आहे. इंजिन त्यामुळे सुरू होते, कारण तेलाने रिंगांची फट बुजते, आणि तेच रिंगा झिजल्याचे प्रमाणही ठरते. तो इलाज म्हणून रोज करीत राहणे मात्र धोक्याचे आहे.

अलीकडच्या कॉमन रेल जातीच्या गाड्या व ट्रॅक्टर यांच्या इंधननळ्यांत दाब अतिशय मोठा असतो. चालू इंजिनावर तो नट सैल केल्यास निघणारा झोत कातडी भेदून आत जातो. ही इंजिने गावात उघडू नयेत. दाबाची तपासणी कंपनीच्या कार्यशाळेतून करून घ्यावी व आकडे लिहून मागावेत.

दुरुस्ती किती करावी

तपासणीत झडपेचा दोष निघाला तर हेड उतरवून झडप व बैठक घासून घ्यावी, आणि बसविण्यापूर्वी झडपेवर डिझेल ओतून ते खाली पाझरत नाही ना हे पाहावे. पॅकिंगचा दोष असेल तर नवे पॅकिंग घालण्याआधी हेडची बैठक सरळ पट्टी लावून तपासावी. वाकलेल्या हेडखाली नवे पॅकिंग पुन्हा जळतेच. हेडचे नट मधून बाहेर, ठरलेल्या क्रमाने व थोडेथोडे आवळावेत.

रिंगांचा दोष निघाला तर मोह होतो तो नुसत्या रिंगा बदलण्याचा. सिलिंडरची भिंत सारखी झिजत नाही. वरच्या भागात ती अधिक झिजते व तेथे एक काठ उभा राहतो. नव्या रिंगा त्या काठावर आपटून तुटतात, आणि लंबगोल झालेल्या भिंतीला गोल रिंग चिकटून बसत नाही. म्हणून लायनरचे माप वर, मध्ये व खाली असे तिन्ही ठिकाणी घेतल्याशिवाय रिंगा विकत आणू नयेत. मोजमाप पुस्तिकेतील मर्यादेत असेल तरच नुसत्या रिंगांनी भागते.

ही झीज बहुतांशी दोन वाटांनी येते. पहिली धुळीची. शिवारातील धुळीत वाळूचे कण असतात व ते पोलादाहून कठीण असतात. मळणीच्या दिवसांत एअर क्लीनरमधील तेल दोन दिवसांत चिखलासारखे होते; ते न बदलता महिनाभर इंजिन चालविणे म्हणजे सिलिंडरला कानस लावण्यासारखे आहे. क्लीनर व इंजिन यांमधील रबरी नळीला तडा असेल तर क्लीनर कितीही स्वच्छ ठेवला तरी व्यर्थ. दुसरी वाट थोडी अनपेक्षित आहे. इंजिन फार थंड राहिल्यानेही झिजते. विहिरीचे गार पाणी पंपाच्या नळातून थेट इंजिनात सोडण्याची पद्धत सर्वत्र आहे. तोटी पूर्ण उघडी असली की सिलिंडर कधी तापतच नाही, धुरातील पाफ भिंतीवर जमून तिला गंज चढतो, आणि डिझेलही अधिक जळते. तोटी एवढी बारीक करावी, की इंजिनातून बाहेर पडणाऱ्या पाण्यात हात फार वेळ ठेववणार नाही. गरम झालेल्या इंजिनावर गार पाणी एकदम ओतणे हा याच्या उलट अपराध होय. हेडला तडा जातो तो अशानेच.

जुनी गाडी घेताना

भाजीपाला, दूध किंवा मजूर यांची ने-आण करण्यासाठी जुनी जीप किंवा पिकअप विकत घेण्याचे व्यवहार गावोगाव होतात. रंग, टायर व गादी यांवरून किंमत ठरते, आणि इंजिनाचा आवाज ऐकून मान डोलावली जाते. सौद्यापूर्वी दाब मोजण्याची अट घालावी. मालक राजी नसेल तर त्याचे कारण समजून घ्यावे. मोजण्याआधी तेलाची पट्टी ओढून ऑईल बोटांत धरून पाहावे. ते नेहमीपेक्षा फार घट्ट व अगदी नवे दिसले तर सावध असावे, कारण घट्ट तेलाने झिजलेल्या रिंगाही काही दिवस बरा आकडा दाखवितात. धूर निळा असल्यास तेल जळत आहे असे समजावे, मग आकडे काहीही सांगोत.

आकडे ज्या वहीत लिहिले तीच वही पुढे उपयोगी पडते. दिनांक, इंजिनाचे तास किंवा गाडीचे किलोमीटर, प्रत्येक सिलिंडरचा पहिला व शेवटचा आकडा, आणि ऑईल केव्हा बदलले, एवढे तीत असावे. रब्बीचे पाणी सुरू होण्यापूर्वी, म्हणजे दसरा-दिवाळीच्या सुमारास, दर वर्षी एकदा मोजणी करावी. गेल्या वर्षीच्या १४५ च्या जागी यंदा १४० आले तर काळजीचे कारण नाही. १२० आले तर झडपांची फट व एअर क्लीनर त्याच दिवशी पाहावे आणि महिन्याने पुन्हा मोजावे. रिंगा किंवा लायनर नवे घातले असतील तर पहिले काही तास इंजिनावर पुरा भार घालू नये, आणि रिंगा भिंतीशी बसल्यावर घेतलेला आकडाच वहीत पहिला म्हणून लिहावा.